हातमोज्यांचं वाळवण

"डेगलांकडे आज काढणी आहे. मार्टिनांचं रान ओलं, तिकडच्या पोरांनी खुशाल झोपावं. सूसींची गाडी सहाला येईल. डबा विसरू नका, मागच्या खेपेला तिघं विसरले होते."

पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरातल्या रेडिओतून येणारा हा घोगरा आवाज क्लोव्हिस मिशो यांनी वयाच्या नवव्या वर्षी ऐकला, आणि त्यांच्या स्वभावाला जे काही बरंवाईट वळण लागलं ते तिथंच. मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो त्या भागात, सप्टेंबर सरता सरता बटाटे काढायला शाळा तीन आठवडे बंद असतात. त्या दिवसांत आवाजानं ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या रानात जाणाऱ्यांनी उठायचं, बाकीच्यांनी कूस बदलायची. एकदा बाहेर पाऊस कोसळत होता आणि रेडिओ म्हणत होता की रान कोरडं आहे. क्लोव्हिसनं खिडकीकडे बोट दाखवलं. वडील म्हणाले, "खिडकीचं काय ऐकतोस? रेडिओवर सांगितलंय ना?" पोरगं टोपली घेऊन गेलं, दिवसभर भिजलं, आणि एक गोष्ट कायमची शिकून आलं. जे जाहीर होतं ते खरं. जे नुसतं असतं, ते काय, असतं आपलं.

तो आवाज केव्हाच गेला. मिशो सर आता सत्तावन्न वर्षांचे, त्याच खोऱ्यात चौथीला शिकवणारे. चार गावांच्या पाच शाळा मिळून एक शाळा-जिल्हा, त्याचं एक कार्यालय, आणि त्या कार्यालयातून दर शुक्रवारी दुपारी चारला सगळ्या कर्मचाऱ्यांना ई-मेलनं येणारं एक पत्रक. सरांच्या आयुष्यातली रेडिओची जागा या पत्रकानं घेतली होती. वर बातम्या, खाली संधी. संधी म्हणजे कुणी वर्गासाठी अनुदान देतंय, कुणी प्रशिक्षणाची फी भरतंय, अशा गोष्टी. बाकीची मंडळी ते न उघडताच पुसून टाकत. मिशो सर छापून घेत आणि शनिवारी सकाळी प्लॉयवर, म्हणजे आमच्याकडच्या कुट्टूच्या धिरड्यांवर, काकवी ओतत ओतत मोठ्यानं वाचत.

"बातमी संपली की काकवी इकडे सरकवा," ल्युसिलबाई म्हणत. ल्युसिलबाई म्हणजे सरांची बायको. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी त्यांनी काकवीची वाट बघण्यात घालवली होती.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या एका पत्रकात दोन संधी एकाखाली एक आल्या. वरची : 'नवा विचार' अनुदान. वर्गातल्या एखाद्या नव्या कल्पनेसाठी पाचशे डॉलर, अर्जदार प्रमाणित शिक्षक हवा. खालची : 'मदतनीस ते शिक्षक'. जिल्ह्यातल्या एका मदतनिसाची शिक्षक होण्यासाठी दोन वर्षांची विद्यापीठाची फी जिल्हा भरणार. अट एकच, त्या मदतनिसाची स्वतःची एखादी कल्पना वर्गात वापरली गेल्याची कार्यालयात नोंद हवी. मुदत एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, दुपारी चार.

दोन्ही वाचून सरांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आलं. मेलीन पारादी.

मेलीन त्यांच्या वर्गाची मदतनीस. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच वर्गात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसलेली, म्हणून अजून 'सर'च म्हणायची. 'क्लोव्हिस म्हण' असं सांगितलं तर कान लाल व्हायचे. अक्षर न लागणाऱ्या पोराजवळ ती नुसती जाऊन बसली तरी अक्षर लागायचं. सरांना हे माहीत होतं. सरांना हेही माहीत होतं की हे आपल्याला जमत नाही. पण हे कुठं जाहीर झालेलं नव्हतं.

आणि हातमोजे. आमच्याकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. मधल्या सुटीनंतर चोवीस पोरं आत यायची, अठ्ठेचाळीस ओले लोकरी हातमोजे घेऊन. पूर्वी ते खिडकीखालच्या हीटरवर पसरत. मग अग्निशमनवाल्यांनी हीटरवर काहीही ठेवायला बंदी केली. तेव्हापासून मेलीन ते पिळून दोरीवर लावायची, आणि लावताना तिच्या आजोळची काहीतरी गुणगुणायची :

डावा भिजला, उजवा भिजला,
दोघा भावांचा अबोला ठरला;
सूर्य मामाच्या गावाला गेला,
हात कुणाचा उबेला उरला?

पोरं शेवटच्या ओळीला आपले गारठलेले लाल पंजे वर करायची. मोजे मात्र घरी जाईपर्यंत वाळायचे नाहीत. म्हणून मेलीननं जेवणाच्या यादीच्या मागल्या कोऱ्या बाजूवर एक चित्र काढलं होतं. एक लाकडी पेटी, तिला खालून पंखा, वर आडव्या नळ्या, नळ्यांना उभे भोकाचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर एक हातमोजा उपडा. ऊब आतून. सोपं आणि सुंदर.

"हे घे," सर तिला पत्रकाचा खालचा तुकडा कापून देत म्हणाले. "हा अर्ज तू भर."

"नोंदीत काय दाखवू, सर? ओले हातमोजे?"

"वरच्या अनुदानाचा अर्ज मी करतो. कल्पना तुझी म्हणून लिहितो. नोंद तिथंच होते."

 मेलीननं तो कागदाचा तुकडा दोनदा घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आतल्या खिशात माणूस काय ठेवतं ते सरांना कळत होतं.

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग शिक्षकांच्या खोलीत सल्ले सुरू झाले.

"'वाळवणे' शब्द लिहू नकोस बाबा," संगीताच्या बाई म्हणाल्या. "वाळवायला कोण पाचशे डॉलर देतंय? 'उष्णतेच्या वहनाचा प्रत्यक्ष अनुभव' लिही."

"'कौशल्य' तीनदा यायला पाहिजे," व्यायामशिक्षक म्हणाले. "मी गेल्या वर्षी दोनदाच लिहिलं, चेंडू नाही मिळाले."

सरांनी चारदा लिहिलं. पेटी, पंखा आणि नळ्या यांचं दोन पानांत असं काही झालं की वाचणाऱ्याला वाटावं, खोऱ्यात वीजनिर्मिती केंद्र येतंय. शेवटी दोन रकाने उरले. 'अर्जदाराचे नाव.' त्याखाली, 'कल्पना कोणाची?'

काढणीची सुट्टी लागायला एक तास होता. सरांनी पहिल्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. दुसऱ्यावर पेन थांबलं. दोन रकान्यांत दोन नावं दिसली तर कार्यालय गोंधळेल, अर्ज परत येईल, मग कुणालाच काही नाही. आधी मंजूर तर होऊ दे, नंतर सांगता येईल. असा सगळा विचार करून, मेलीनच्याच हितासाठी म्हणून, त्यांनी दुसऱ्या रकान्यातही 'क्लोव्हिस मिशो' असं लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

आता सह्या. तीन हव्या होत्या : मुख्याध्यापिका, इमारत-व्यवस्थापक आणि सुपरिंटेंडंट, म्हणजे पाचही शाळांचे साहेब. मुदत पुढच्या बुधवारी, म्हणजे ऐन काढणीच्या सुट्टीत. मुदती ठरवणारा माणूस दक्षिणेकडून नवा आलेला. आमच्याकडे त्या दिवसांत कार्यालयात फक्त घड्याळ चालू असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. झालं, सर चांगला कोट घालून, अर्जाची फाइल छातीशी धरून रानोमाळ निघाले.

मुख्याध्यापिका डोरीन हॅफर्ड दिराच्या काढणीयंत्रावर, सरकत्या पट्ट्यावरून बटाट्यांतले दगड वेचत उभ्या होत्या. यंत्र थांबवायची सोय नव्हती. सर बाजूनं पळत पळत अर्ज वाचून दाखवू लागले.

"कसलं वहन?" डोरीनबाई ओरडल्या.

"उष्णतेचं."

"हातमोजे वाळवायचेत ना? मग तसं बोल की. आण इकडे." त्यांनी एक पाय वर घेऊन मांडीवर कागद ठेवून सही केली, सहीबरोबर एक वाटोळा चिखलाचा ठसाही उठला. इमारत-व्यवस्थापक गेलन बटाट्याच्या कोठारात सापडला. सुपरिंटेंडंट साहेब मेव्हण्याचा ट्रक हाकत होते; त्यांच्या मागे सरांनी अकरा मैल गाडी घातली आणि वजनकाट्यावर त्यांना गाठलं. तोपर्यंत सरांच्या चांगल्या कोटाचा रंग बटाट्याच्या सालीसारखा झाला होता. पण अर्ज वेळेत पोचला. बुधवारी, तीन वाजून बावन्न मिनिटांनी, सरांनी तो कार्यालयाच्या दारातल्या फटीतून आत सरकवला आणि दाराला सलाम करावा की काय असं त्यांना वाटलं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. शेरा : 'सुट्टीच्या काळात अधिकारी कामावर नसतात. सबब सह्या ग्राह्य नाहीत. नव्या अर्जावर नव्याने घ्याव्यात.' खाली सुपरिंटेंडंट साहेबांचीच सही होती.

"मुदत मात्र सुट्टीतली ग्राह्य?" सरांनी कार्यालयात फोन केला.

"मुदतीला सुट्टी नसते, सर," पत्रक काढणारी थेल्मा नॅडो म्हणाली. थेल्मा भली बाई. पत्रक, वाढदिवस आणि कॉफीचं यंत्र, तिन्ही तिच्याकडे. "तुम्ही एकट्यानंच अर्ज केलाय म्हणून थांबवून ठेवलंय. सावकाश करा."

म्हणजे आता घाई नव्हती. रविवारी दुपारी घरी बसून सरांनी कोरा अर्ज पुढं घेतला आणि ओळ न ओळ उतरवून काढली. दुसऱ्या रकान्यापाशी पेन पुन्हा थांबलं. ल्युसिलबाई मागून वाकून बघत होत्या. फ्रिजवर मेलीनचं चित्र लावलेलं होतं.

"चित्र तर त्या पोरीच्या हातचं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"चित्र तिचं. मांडणी माझी."

"बरं. धिरडं माझं, खाणं तुमचं, तसं का?"

या असल्या बोलण्यानं माणूस दुखावतो, आणि दुखावलेला माणूस हट्टाला पेटतो. सरांनी पहिल्या अर्जासारखंच लिहिलं. पहिल्यांदा घाई होती. दुसऱ्यांदा नव्हती. पुढं कितीतरी दिवस हे एवढं वाक्य सरांच्या कानाशी माशीसारखं घोंगावत राहिलं. झटकलं की उडायचं आणि फिरून तिथंच बसायचं.

नोव्हेंबरात मंजुरी आली आणि पत्रकात बातमी. 'चौथीचे लाडके शिक्षक क्लोव्हिस मिशो यांची अभिनव कल्पना.' सोबत फोटो, दोन हातांत दोन हातमोजे, चेहऱ्यावर नम्रता. एरवी पत्रक न वाचणाऱ्या लोकांनी नेमकं हेच वाचलं. किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, नाभिकाकडे, सगळीकडे 'काय हो, हातमोजेवाले सर' सुरू झालं. सर म्हणत, "छे छे, त्यात काय." हे खरं तर बरोबरच होतं, त्यात त्यांचं काहीच नव्हतं, पण लोकांना तो विनय वाटायचा. आणि गंमत बघा, एका आठवड्यानं सरांना खुद्द आठवायला लागलं की नळ्यांची गोष्ट बहुधा आपणच आधी बोललो होतो. पत्रकात आलं होतं ना.

मेलीननं सोमवारी दोरीवर मोजे लावता लावता म्हटलं, "अभिनंदन, सर." एवढंच. त्या दिवशी तिनं ते गाणं म्हटलं नाही. पोरांनी हात वर करून थोडा वेळ वाट बघितली आणि खाली घेतले.

सांगायचं होतंच. फक्त यंत्र उभं राहू दे, मग सांगू, असं सरांनी ठरवलं. आणि यंत्र काही उभं राहीना.

गेलन म्हणाला, "भिंतीला लावलं तर ती इमारत. इमारतीत बदल करायला नकाशा लागतो."

"मग नाही लावत."

"नाही लावलं तर ते फर्निचर. हलत्या फर्निचरला चाकं लागतात."

चाकं लावली. चाकं असलेली वस्तू पळू नये म्हणून चाकांना कुलपं. कुलपांच्या किल्ल्या कुणाकडे, याचं एक रजिस्टर. शाळेच्या नर्सबाईंनी सांगितलं की एकाचा मोजा दुसऱ्याला जाता कामा नये, म्हणून अठ्ठेचाळीस नळ्यांना अठ्ठेचाळीस नावं. शेवटी पंखा. मेलीनच्या चित्रात होता तसला छोटा पंखा मंजूर यादीत नव्हता. यादीत एकच पंखा होता, व्यायामशाळेची ओली फरशी वाळवायचा.

"जरा जोराचा आहे," गेलननं कबूल केलं. "पण यादीतला आहे."

मार्चमध्ये पहिला प्रयोग ठेवला. थेल्मा कॅमेरा घेऊन आली, डोरीनबाई आल्या, चोवीस पोरं गोल करून बसली. सरांनी कौशल्यावर चार वाक्यं बोलून बटण दाबलं. पुढं जे झालं त्याला वर्णनच नाही. झुडपातून तित्तरांचा थवा उठावा तसे अठ्ठेचाळीस हातमोजे एकदम उडाले. काही छताला आपटून खाली आले, सहा दिव्यांच्या जाळीत अडकले, एक डोरीनबाईंच्या कॉफीत पडला, आणि एक थेल्माच्या कॅमेऱ्यावर असा चपखल बसला की फोटोत नुसती लाल लोकर आली. पोरांना इतका आनंद नाताळलाही झाला नव्हता. कुलूप लावलेलं यंत्र जागच्या जागी थरथरत उभं होतं.

सगळे हसले. सरही हसल्यासारखं करत होते. तेवढ्यात डोरीनबाई कॉफीतला मोजा पिळत म्हणाल्या, "क्लोव्हिस, कल्पना तुझी ना ही? मग निस्तर आता."

सरांनी मेलीनकडे पाहिलं. ती खुर्चीवर चढून जाळीतले मोजे काढत होती. या क्षणी 'कल्पना माझी नाही' म्हणावं, तर फजिती तिच्या गळ्यात मारल्यासारखं होईल. म्हणजे आता सत्यच खोटं ठरणार होतं. खोट्याला किती कोपरे असतात ते सरांना त्या दिवशी कळलं.

मेलीननं पंख्याच्या तोंडावर जुन्या पडद्याच्या कापडाची तीन पदरी घडी बांधली. वारा मऊ झाला. मोजे जागचे हलेनात आणि पाऊण तासात वाळले. पण तोपर्यंत एप्रिल उजाडला होता. बर्फ वितळून पन्हळींतून वाहून चाललं होतं. पोरं आता रबरी बूट घालून, हातमोजे घरी टाकून, चिखल तुडवत यायची. अठ्ठेचाळीस नावांच्या नळ्या रिकाम्या उभ्या असायच्या आणि त्यांतून मंद ऊब खोलीभर उगाच वाया जायची.

शेवटचा शुक्रवार दहा दिवसांवर होता. सरांनी धीर गोळा केला आणि तो माणसाकडे न नेता पत्रकाकडे नेला. जी चूक जाहीर झाली ती जाहीरपणेच दुरुस्त व्हावी, असं त्यांनी स्वतःला पटवलं. चार ओळी लिहून थेल्माला पाठवल्या.

थेल्माचा फोन आला. "सर, दुरुस्ती कुठं टाकू? माझ्याकडे रकाने चारच : आनंदाच्या बातम्या, वाढदिवस, संधी आणि हरवले-सापडले."

"बातम्यांत टाक."

"त्यात आनंद लागतो, सर. तुम्ही तर माफी मागताय. हरवले-सापडलेमध्ये जागा आहे बघा, एका झाकणाच्या डब्याच्या आणि डाव्या बुटाच्या मधे."

सरांच्या डोळ्यांपुढे ते छापून आलं. सापडले : एक डबा. सापडली : मिशो सरांनी घेतलेली कल्पना. सापडला : एक बूट. तेहतीस वर्षांची नोकरी. ते म्हणाले, "राहू दे. मी जरा बऱ्या शब्दांत लिहून पाठवतो."

बरे शब्द शोधण्यात आठवडा गेला. एक मजकूर फार लाचार झाला, एक फार ऐटीचा. एकात 'कौशल्य' आलं ते खोडलं. ल्युसिलबाईंनी एकदाच विचारलं, "शाळा ते पारादींचं घर किती मिनिटं?"

"सात."

"हं," म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या.

शेवटच्या शुक्रवारी चारला पत्रक आलं. त्यात दुरुस्ती नव्हती, कारण पाठवलीच नव्हती. त्यापुढच्या शुक्रवारी आनंदाच्या बातम्यांत आलं, 'मदतनीस ते शिक्षक' यंदा नदीकाठच्या शाळेतल्या एका बाईंना. वर्णमालेच्या उश्यांची कल्पना त्यांची. सरांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. काकवी त्यांनी न मागता पुढं सरकवली.

सोमवारी शाळा सुटल्यावर मेलीन यंत्राच्या नळ्यांवरची नावांची लेबलं सोलून काढत होती. पुढल्या वर्षी पोरं नवी. सर दारात उभे राहिले, मग आत आले, मग बसायला जागा शोधली. खिडकीजवळचा तिसरा बाक त्यांना बसायला फार लहान होता, तरी बसले.

"मेलीन, ही कल्पना तुझी होती. दोन्ही वेळा मी माझं नाव लिहिलं. पहिल्यांदा घाईत. दुसऱ्यांदा..." त्यांनी बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी उद्या कार्यालयात जातो. साहेबांना भेटतो. पुढच्या वर्षी ही संधी पुन्हा आली तर..."

"यंदापुरतीच होती, सर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं."

पत्रकाचं अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या सरांनी ते बारीक अक्षर वाचलं नव्हतं. कापून देताना ते तिच्या तुकड्यावर गेलं होतं.

मेलीन लेबल सोलत राहिली. नख लागून एक अर्ध्यातच फाटलं. ते तिनं पुन्हा चिकटवल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "जानेवारीत थेल्मानं मला फोन केला होता. म्हणाली, मोजे वर्षानुवर्षं तू वाळवतेस, हे यंत्र तुझ्या डोक्यातलं तर नाही ना? असेल तर तसं सांग, आजच नोंद करते. कुणाला काही विचारणार नाही."

"मग?"

"मी म्हटलं, नाही. सरांचंच आहे."

खिडकीबाहेर शेवटची बस सुटली. 

"का गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून. तुम्हाला तेवढं करता आलं असतं, सर. मी सांगितलं असतं तर तुमचं सांगायचं राहून गेलं असतं." ती यंत्राकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. "मी वाट बघत होते."

"किती दिवस?"

"एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, चार वाजेपर्यंत."